गेमवरचा लेगो सेट घेण्याआधी त्याची किंमत फोडून पाहा

५३५ तुकड्यांचा एक सेट आणि १,२२२ तुकड्यांचा दुसरा. पहिला म्हणजे ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या गेमवरचं टॉम नूकचं दुकान आणि रोझीचं घर. तो २०२४ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत ७४.९९ डॉलरला होता. दुसरा म्हणजे ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’मधला उंच मानेचा यांत्रिक प्राणी, टॉलनेक. तो २०२२ मध्ये ७९.९९ डॉलरला आला. कंपनी एकच, दोन्ही सेट गेमवरचे, किंमत जवळपास सारखी, पण दुसऱ्यात दुपटीहून जास्त तुकडे.

नवखा माणूस इथेच अडतो. ‘लेगो महागच असतं’ म्हणून तो विषय सोडून देतो, नाहीतर लेकराच्या वाढदिवसाला समोर दिसेल तो बॉक्स उचलतो आणि घरी आल्यावर एवढ्या पैशांत एवढंच आलं म्हणून हळहळतो. या सेटची किंमत पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींची मिळून बनलेली असते. त्यातल्या कुठल्या गोष्टीसाठी आपल्याला पैसे मोजायचे आहेत आणि कुठल्यासाठी नाहीत, हे एकदा ठरलं की निवड सोपी होते.

पायरी पहिली : तुकड्यामागे भाव काढा, पण त्यावर थांबू नका

किमतीला तुकड्यांच्या संख्येने भागायचं. तुकड्यामागे दहा अमेरिकन सेंट हा या छंदातला जुना ठोकताळा आहे. त्याच्या खाली आलं तर बरं, बरंच वर गेलं तर कारण शोधायचं. खालच्या सगळ्या किमती अमेरिकेत सेट पहिल्यांदा आला तेव्हाच्या आहेत. त्यातल्या काही पुढे वाढल्या, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने बऱ्याच सेटचे भाव चढवले.

फोर्टनाइटचा सप्लाय लामा : ६९१ तुकडे, ३९.९९ डॉलर, म्हणजे तुकड्यामागे सहा सेंटही नाहीत. सॉनिकचा ग्रीन हिल झोन : १,१२५ तुकडे, ६९.९९ डॉलर, सव्वासहा सेंट. निन्टेन्डोचा जुना गेमिंग संच आणि सोबतचा टीव्ही : २,६४६ तुकडे, २२९.९९ डॉलर, पावणेनऊ सेंटच्या आसपास. मारिओ गेममधला बलाढ्य बाउझर : २,८०७ तुकडे, २६९.९९ डॉलर, साडेनऊच्या थोडं वर. झेल्डाचा ग्रेट डेकू ट्री : २,५०० तुकडे, २९९.९९ डॉलर, सरळ बारा सेंट. नूकचं दुकान चौदा सेंट. आणि २०२० मध्ये आलेला सुपर मारिओचा पहिला स्टार्टर कोर्स (मालिकेची सुरुवात करून देणारा सेट) : २३१ तुकडे, ५९.९९ डॉलर, म्हणजे तब्बल सव्वीस सेंट.

हे आकडे उपयोगी आहेत, पण फसवेही आहेत. लेगोचा जगाचा नकाशा हा सेट पाहा : ११,६९५ तुकडे, २४९.९९ डॉलर, तुकड्यामागे जेमतेम दोन सेंट. जगात याहून स्वस्त लेगो नाही असं वाटेल. पण त्यातले बहुतेक तुकडे नखाएवढे, एक बाय एक मापाचे. त्याच पैशांत मिळणाऱ्या दुसऱ्या सेटमध्ये तुकडे चौथाई असतील आणि प्लास्टिक मात्र कदाचित जास्त.

म्हणून भागाकार झाल्यावर आणखी दोन गोष्टी बघा. एक, तयार मॉडेलची उंची-रुंदी. ती बॉक्सवर किंवा कंपनीच्या पानावर असते. मोजपट्टी घेऊन टेबलावर ते माप धरून पाहा. कागदावरचे ‘२२ सेंटिमीटर’ डोळ्यांसमोर आले की मत पटकन बदलतं. दुसरं, तुकड्यांची यादी. ब्रिकलिंक (लेगोचे सेट आणि सुटे तुकडे विकण्याचा ऑनलाइन बाजार) आणि ब्रिकसेट या संकेतस्थळांवर सेटचा क्रमांक टाकला की आत काय काय आहे ते सगळं दिसतं. एक बाय एकच्या प्लेट (चपट्या विटा), टाइल (वरून गुळगुळीत चपट्या विटा) आणि गोल चकत्या मिळून यादीचा तिसरा हिस्सा भरत असतील, तर तुकड्यामागचा स्वस्त भाव मनावर घेऊ नका. सेटचा क्रमांक बॉक्सवर छापलेला असतो (डेकू ट्रीचा ७७०९२, टॉलनेकचा ७६९८९). शोध नेहमी क्रमांकाने घ्यावा. नावाने शोधलं की नकली माल आणि सुटे भागही मध्ये घुसतात.

पायरी दुसरी : वरचे पैसे कुठे जातात ते ओळखा

साधी वीट कोणालाही बनवता येते. लेगोच्या विटेची रचना २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली गेली होती आणि त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. म्हणूनच बाजारात त्याच मापाच्या, लेगोवर घट्ट बसणाऱ्या इतर कंपन्यांच्या विटा कायदेशीरपणे विकल्या जातात. महाग असतं ते विटेच्या वरचं.

सगळ्यात आधी परवाना. मारिओ, झेल्डा, सॉनिक यांचा चेहरा वापरायचा तर गेमच्या मालकाला विक्रीतला वाटा द्यावा लागतो. परवाना नसलेल्या सेटशी तुलना केली की फरक दिसतो. लेगो क्लासिकचा मोठा पिवळा डबा ७९० तुकड्यांचा, अमेरिकेत ५९.९९ डॉलरला आला होता, म्हणजे साडेसात सेंट. त्यात कोणाचा चेहरा नाही, कोणाचा वाटा नाही. पण टॉलनेक आणि सॉनिक यांना परवाना असूनही ते या डब्यापेक्षा स्वस्त पडतात, हेही लक्षात घ्या. म्हणजे सगळा दोष परवान्यावर ढकलता येत नाही.

त्याहून मोठा खर्च नव्या साच्यांचा. लेगोचे स्टड, म्हणजे विटेवरचे गोल उंचवटे, एकमेकांपासून बरोबर ८ मिलिमीटरवर असतात. ही अचूकता राखणारा पोलादी साचा करायला बराच पैसा लागतो आणि तो खर्च त्या साच्यातून निघणाऱ्या तुकड्यांवरच वाटला जातो. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये प्रत्येक प्राण्याच्या जातीला वेगळ्या आकाराचं डोकं लागतं. टॉम नूकचं डोकं दुसऱ्या कुठल्या सेटमध्ये वापरणार? याच्या उलट माइनक्राफ्ट. तिथे बहुतेकांची डोकी चौकोनी ठोकळे, एकाच साच्यातले. बदलते ती फक्त छपाई. शिवाय माइनक्राफ्टचं सगळं जगच ठोकळ्यांचं असल्यामुळे साध्या विटांवर भागतं. पहिलाच खर्च असेल आणि घरात माइनक्राफ्ट खेळलं जात असेल, तर सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं, हे आमचं स्पष्ट मत.

छपाई आणि स्टिकर हा छोटा मुद्दा, पण वापरणाऱ्याला रोज जाणवणारा. छापलेला तुकडा टिकतो, स्टिकर चार पावसाळ्यांत कडेने उचलला जातो. महागड्या सेटमध्ये स्टिकर किती आहेत हे जुळणीच्या पुस्तिकेतून आधीच कळतं. सगळ्या पुस्तिका लेगोच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत. घेण्याआधी पुस्तिका चाळायची सवय लावा.

आणि मग इलेक्ट्रॉनिक्स. सुपर मारिओच्या सव्वीस सेंटचं कारण मारिओची बोलकी बाहुली. तिच्या डोळ्यांत, तोंडावर आणि पोटावर छोटे पडदे आहेत, खाली रंग आणि पट्ट्या ओळखणारा सेन्सर आहे, आतमध्ये हालचाल ओळखणारं यंत्र, स्पीकर आणि ब्लूटूथ. इथे नवखे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून नीट वाचा. या मालिकेतले ‘एक्सपान्शन’ लिहिलेले पुरवणी सेट बोलक्या बाहुलीशिवाय खेळता येत नाहीत. मारिओ, लुइजी किंवा पीच यांपैकी एकाचा स्टार्टर कोर्स घरात नसेल, तर एक्सपान्शन म्हणजे नुसती शोभेची वस्तू. पुष्कळ घरांत भेट म्हणून आधी एक्सपान्शन येतो आणि मग त्याच्यासाठी स्टार्टर विकत घ्यावा लागतो. बाहुलीला ट्रिपल-ए मापाच्या दोन बॅटऱ्या लागतात, त्या बॉक्समध्ये नसतात, आणि झाकणाला स्क्रू असतो. वाढदिवसाच्या दिवशी बारका स्क्रूड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी काढून ठेवा. जास्त दिवस खेळणार नसाल तर बॅटऱ्या काढून ठेवा. आत फुटल्या की बाहुली गेली, आणि सेटच्या किमतीतला मोठा भाग तिच्यातच आहे.

पायरी तिसरी : भारतातली किंमत वेगळी मांडा

अमेरिकेतली किंमत रुपयांत बदलली आणि दुकानातली एमआरपी बघितली की दुकानदार लुटतोय असं वाटतं. निम्म्याहून जास्त वेळा तसं नसतं. भारतात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशातल्या खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा त्यामागचा हेतू.

७० टक्क्यांचा दर धरून हिशेब असा. बंदरात माल आला तेव्हाची किंमत १०० रुपये. शुल्क ७०. झाले १७०. त्यावर जीएसटी. आधी साध्या खेळण्यांवर १२ टक्के होता, म्हणजे सुमारे १९० रुपये. सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक नसलेल्या खेळण्यांवर ५ टक्के, म्हणजे १७९ रुपयांच्या आत. यापुढे आयातदाराचा नफा, वाहतूक, दुकानदाराचा नफा. मात्र हे शुल्क लागतं ते आयातीच्या घाऊक किमतीवर, अमेरिकेतल्या दुकानातल्या किमतीवर नाही. म्हणून एमआरपी सरळ दुप्पट होत नाही. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात, तेव्हा मोठी खरेदी करण्याआधी त्या वर्षीचा दर पाहून घ्या.

आता हातात ठेवायचं सूत्र : भारतातली एमआरपी भागिले डॉलरमधल्या किमतीचे रुपये. समजा डॉलर ८५ रुपये धरला, तर नूकच्या दुकानाचे ७४.९९ डॉलर म्हणजे ६,३७४ रुपये. दुकानात तो ८,९०० ला दिसला तर गुणोत्तर १.४. आमचा ठोकताळा असा : १.३ च्या आत असेल तर घ्या, १.३ ते १.६ मध्ये असेल तर सवलतीची वाट पाहा, १.८ च्या पुढे गेलं तर तो विक्रेता सोडा. ऑनलाइन बाजारात ‘इम्पोर्टेड’ म्हणून अडीच-तीन पट भाव लावणारे विक्रेते असतात. ते परदेशातून एकेक बॉक्स मागवतात आणि सगळा भार गिऱ्हाइकावर टाकतात. अधिकृत मार्गाने आलेल्या बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी यांचं चिकटवलेलं लेबल असतं. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मुलांचा सेट घेताना ते शोधाच. प्रौढांसाठीच्या, १८+ लिहिलेल्या काळ्या बॉक्सवर ते दिसलं नाही तर लगेच नकली समजू नका.

पायरी चौथी : केव्हा घ्यायचा

लेगोचा सेट कायम बाजारात राहत नाही. दीड-दोन वर्षांनी, कधी त्याहून थोड्या उशिरा उत्पादन थांबतं. या छंदातले लोक त्याला ‘रिटायर झाला’ म्हणतात. नवा असताना भाव पूर्ण, सहा-आठ महिन्यांनी सवलती सुरू, उत्पादन थांबायच्या आधी मोठी सवलत, आणि थांबल्यावर भाव वर. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो. पण सेलमधली ‘४० टक्के सूट’ कशावर आहे ते बघा. तिसऱ्या पायरीतलं गुणोत्तर सवलतीनंतरच्या किमतीवर पुन्हा काढा. भाव आधी फुगवून मग सूट दाखवली असेल तर लगेच उघडं पडतं.

गुंतवणूक म्हणून बॉक्स न उघडता साठवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने पुठ्ठा मऊ पडतो, पुस्तिकेला बुरशी लागते, आणि बॉक्सची अवस्था बिघडली की चढलेला भाव गेलाच.

पायरी पाचवी : परदेशातून मागवताना

अमेरिकेतल्या मामाला किंवा दुबईतल्या मावशीला सांगून सेट आणवणं हा पुष्कळ मराठी घरांतला रुळलेला मार्ग. यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : सामानातून आणणं आणि पोस्टाने पाठवणं.

सामानातून आणताना प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंत शुल्कमाफी असते. २०१६ च्या नियमांनुसार बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय रहिवाशाला ती ५०,००० रुपयांची होती. ही मर्यादा बदलत असते, म्हणून तिकीट काढतानाच चालू मर्यादा पाहा आणि त्यात प्रवाशाची बाकीची खरेदीही मोजली जाते हे विसरू नका. पावती सोबत हवी. मोठा बॉक्स आहे तसा बॅगेत मावत नाही आणि बॉक्सचा बराच भाग हवाच असते. तो काळजीने उघडा, आतल्या क्रमांकाच्या पिशव्या न फोडता कपड्यांच्या घड्यांत पसरून ठेवा, पुस्तिका आणि स्टिकरचा कागद बॅगेच्या तळाशी सपाट ठेवा, रिकामा बॉक्स चापट करून बाजूला सरकवा. स्टिकरच्या कागदाला घडी पडली की ती शेवटपर्यंत मॉडेलवर दिसते. पिशव्यांचे फोटो काढून ठेवले तर घरी आल्यावर एखादी राहिली का ते कळतं.

पोस्टाने मात्र ‘भेटवस्तू’ लिहून पाठवलं की शुल्क लागत नाही हा समज सोडा. डिसेंबर २०१९ मध्ये ती सवलत बंद झाली. अपवाद उरला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. खेळण्याचा बॉक्स ‘गिफ्ट’ म्हणून आला तरी शुल्क भरावं लागतं. वैयक्तिक वापरासाठी टपालाने येणाऱ्या वस्तूंचा दर दुकानदाराच्या आयातीपेक्षा वेगळा असतो, तोही बदलतो, आणि वर कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च येतो. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी छोटा सेट पोस्टाने मागवू नये.

पायरी सहावी : वापरलेला सेट तपासून घेणं

खरी बचत इथे आहे, आणि चुका करायला वावही इथेच. लेगोचं प्लास्टिक, एबीएस, वर्षानुवर्षं टिकतं. दहा वर्षं वापरलेली वीट नव्या विटेवर तशीच घट्ट बसते. त्यामुळे जुना म्हणजे खराब असं इथे नसतं.

आधी रास्त भाव ठरवा. ब्रिकलिंकवर प्रत्येक सेटच्या पानावर मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती असतात, नव्या आणि वापरलेल्या वेगवेगळ्या. विक्रेते मागतात ती किंमत पाहू नका, विकली गेली ती पाहा.

मग विक्रेत्याकडून चार फोटो मागा : मिनीफिगर (सेटमधल्या छोट्या बाहुल्या) पुढून आणि मागून, स्टिकर लावलेले तुकडे, सगळे तुकडे उजेडात पसरलेले, आणि पुस्तिकेचं पहिलं पान. गेमवरच्या सेटमध्ये मूल्य मिनीफिगरमध्ये साठलेलं असतं. डेकू ट्रीमध्ये चार आहेत : गेमचा नायक लिंक तीन रूपांत आणि राजकन्या झेल्डा. या चौघांपैकी कोणी नसेल किंवा कोणाची ढाल-तलवार गायब असेल, तर अडीच हजार तुकडे पूर्ण असूनही तो सेट अर्धाच. बरेच विक्रेते मिनीफिगर काढून वेगळ्या विकतात आणि उरलेला सेट ‘जवळपास पूर्ण’ म्हणून देतात. तुम्हाला फक्त झाड हवं असेल तर हीच उत्तम संधी. मिनीफिगरविना सेट मागा आणि भाव त्या हिशेबाने पाडून घ्या.

माल हातात आल्यावर काय पाहायचं? मिनीफिगरचं धड काखेखाली उभं तडकलेलं आहे का. तपकिरी आणि गडद लाल तुकडे हलक्या हाताने वेगळे करून बघा. काही वर्षांपूर्वीच्या या रंगांचे तुकडे ठिसूळ असतात, दाबताच कानाकोपऱ्यातून तुटतात. पांढरे आणि करडे तुकडे पिवळटलेत का, म्हणजे सेट खिडकीजवळ उन्हात ठेवलेला होता का. पिवळेपणा वरवरचा असतो, बसण्यात फरक पडत नाही, पण शोभेसाठी घेत असाल तर भाव कमी करून मागा. पारदर्शक तुकड्यांवरचे ओरखडे काही केल्या जात नाहीत.

तपासून झालं की धुवा. कोमट पाणी, ४० अंशांच्या आत, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. त्याहून गरम पाण्यात तुकडे वाकू शकतात. स्टिकरचे तुकडे, बॅटरीचे भाग आणि कापडी तुकडे बाजूला काढा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. घासले जाऊन छपाई उडते. पाणी झटकून चाळणीत ठेवा, मग सुती कापडावर पंख्याखाली रात्रभर. उन्हात वाळवू नका. पावसाळ्यात विटांच्या आतल्या नळ्यांत पाणी साचून वास येतो, म्हणून प्रत्येक वीट तोंड खाली करून ठेवा. हे कंटाळवाणं आहे खरं, पण न धुतलेला जुना लेगो मुलाच्या हातात देऊ नका.

नव्या, सीलबंद सेटमध्ये तुकडा कमी निघाला तर घाबरून दुसरा सेट मागवू नका. लेगोच्या ग्राहक सेवेकडे सेटचा क्रमांक आणि पुस्तिकेतला तुकड्याचा क्रमांक कळवला की तो फुकट पाठवतात. आधी रिकाम्या पिशव्यांचे कोपरे मात्र उलटे करून बघा. हरवलेले बहुतेक तुकडे तिथेच चिकटलेले असतात.

पायरी सातवी : नकली आणि पर्यायी यांतला फरक

त्याच मापाच्या विटा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रचनेने विकणारी कंपनी ही पर्यायी. मॅटेलची मेगा ही त्यातली मोठी. ‘हेलो’ गेमवरचे परवानाधारक सेट लेगोने नाही, तर मेगाने काढले. लेगोचा सेट, पुस्तिका आणि बॉक्सवरचं चित्र जसंच्या तसं उतरवून विकणारी ती नकली. लेपिन या नावाने हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालला होता. शांघायच्या न्यायालयाने २०२० मध्ये त्याच्या प्रमुखाला सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआनचा दंड सुनावला. वीट मोकळी असली तरी मिनीफिगरच्या आकारावर लेगोचा नोंदणीकृत हक्क युरोपात न्यायालयाने कायम ठेवला आहे.

नकली कसं ओळखायचं? खऱ्या लेगोच्या प्रत्येक स्टडवर बारीक अक्षरांत लेगो कोरलेलं असतं. बोटाच्या टोकाला जाणवतं. रिकामा गुळगुळीत स्टड म्हणजे दुसऱ्याची वीट. बॉक्सच नाही, फक्त पिशव्यांत माल, अधिकृत किमतीच्या चौथ्या हिश्श्यात ‘डेकू ट्री’, आयएसआय नाही, आयातदाराचं लेबल नाही, अशा चार खुणा एकत्र दिसल्या की पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. नकली तुकड्यांचा त्रास मॉडेल मोठं झाल्यावर कळतो. एका विटेत केसभर फरक असेल तर तो वीस थर चढेपर्यंत वाढत जातो. भिंत फुगते, वरची कमान बसत नाही, आणि काही जोड इतके घट्ट की मुलाची नखं दुखतात.

पायरी आठवी : सेटऐवजी तुकडे घ्या, स्वतः जुळवा

जुने गेम चौकोनी ठिपक्यांचे होते. ही आपल्यासाठी मोठी सोय, कारण १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला छोटा मारिओ अवघा १२ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच आहे. तो भिंतीवर लावायला कुठलाच परवानाधारक सेट लागत नाही.

चौकटीच्या वहीवर १६ बाय १६ चा चौकोन आखा. त्यात मारिओ मध्यभागी उतरवा, दोन्ही बाजूंना दोन-दोन रकाने मोकळे राहतील. रंगांप्रमाणे चौकोन मोजा : टोपी आणि पँटसाठी लाल ४५, केस-मिशी-सदरा-बुटांसाठी तपकिरी ५४, चेहरा आणि हातांसाठी फिकट ४४. उरले ११३ ते आकाश. बेरीज २५६ आली पाहिजे. नाही आली तर कुठली तरी ओळ चुकली, ती आत्ताच शोधा, मागणी पाठवल्यावर नाही.

आता दोन मापांतून निवडा. एक बाय एकच्या प्लेटने (तुकड्याचा क्रमांक ३०२४) केलं तर चित्र १२.८ सेंटिमीटर चौरस होतं, १६ बाय १६ च्या पाटीवर. दोन बाय दोनच्या प्लेटने (३०२२) केलं तर २५.६ सेंटिमीटर, ३२ बाय ३२ च्या बेसप्लेटवर (३८११). तुकडे दोन्हीकडे २५६ च. मुलासोबत करणार असाल तर मोठंच करा. लहान बोटांना दोन बाय दोन सहज धरता येते आणि चुकलेली प्लेट उचकटताही येते.

आकाशासाठी सुटे सुटे तुकडे घेऊ नका. लहान मापात एक बाय चार (३७१०) आणि एक बाय दोन (३०२३) घाला, मोठ्या मापात दोन बाय आठसारख्या लांब प्लेट. तुकड्यांची संख्या आणि खर्च दोन्ही उतरतात. चेहऱ्यासाठी कातडीचा नेमका रंग शोधत बसू नका, तो महाग पडतो. ब्रिकलिंकवर ‘टॅन’ नावाचा फिकट रंग मुबलक आणि स्वस्त मिळतो आणि दोन हातांवरून मारिओ मारिओच दिसतो. लाल, तपकिरी, टॅन, निळा असे चारही रंग एकाच विक्रेत्याकडे मिळतील असं बघा. सुटे तुकडे घेताना नवखे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे प्रत्येक रंग जिथे स्वस्त तिथून घेणं. चार दुकानं, चार टपालखर्च, आणि तुकड्यांपेक्षा टपालच महाग. ब्रिकलिंकवर विक्रेत्याचा देश भारत निवडला तर शुल्काची कटकट टळते. भाव थोडा जास्त दिसला तरी शेवटी तोच स्वस्त पडतो.

मागणी देताना प्रत्येक रंगाचे पाच-सहा तुकडे जास्त घ्या. जुळवताना खालच्या ओळीपासून वर जा आणि प्रत्येक ओळ झाली की वहीवर रेघ मारा. डावीकडून उजवीकडे मोजताना रकाना सरकतो तो बहुतेक वेळा वरून नवव्या-दहाव्या ओळीत, जिथे तपकिरी बाह्यांमध्ये पँटचे लाल पट्टे येतात. तिथे आधी लाल बसवा, मग दोन्ही बाजूंनी तपकिरी भरा. चिकटलेली प्लेट काढायला सुरी किंवा दात वापरू नका. मोठ्या सेटसोबत येणारा नारिंगी सेपरेटर (९६८७४) किरकोळ वाटला तरी मागणीत एक टाकाच.

भिंतीवर लावताना बेसप्लेटला थेट दुहेरी टेप लावू नका. पावसाळ्यात टेप सुटतो आणि खाली पडून पाटीचा कोपरा तडकतो. काच काढलेल्या फोटोफ्रेममध्ये बेसप्लेट मागून पुठ्ठ्याने दाबून बसवा आणि फ्रेम खिळ्याला टांगा, उन्हाच्या भिंतीपासून दूर.